आपण उद्देशिका वाचलीत म्हणून : जिल्हा परिषदेच्या नूतन अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष महोदया आणि सर्व सन्माननीय सदस्य,
जिल्हा परिषद.

सप्रेम नमस्कार.

आपण पदभार स्वीकारलात त्या दिवशी सभागृहाच्या दारात झालेल्या गर्दीत मीही उभा होतो. हार-तुरे झाले, फटाके वाजले, आणि मग भाषणाला सुरुवात करण्याआधी आपण संविधानाची उद्देशिका वाचायला घेतली. ‘दर्जाची व संधीची समानता’ या शब्दांपाशी आपण क्षणभर थांबलात. का थांबलात हे मला ठाऊक नाही. पण ज्याने जिल्हा परिषदेच्या शाळांत ३६ वर्षे शिकवले आणि परिपाठाला मुलांकडून हेच शब्द रोज म्हणवून घेतले, त्याला ते थांबणे फार जवळचे वाटले. मुलेही नेमकी तिथेच अडखळतात. शब्द अवघड आहेत म्हणून, आणि चौथीतला एखादा मुलगा ‘म्हणजे काय, सर?’ असे विचारतो तेव्हा शिक्षकालाही उत्तर सुचत नाही म्हणून. त्या संध्याकाळी एसटीने गावी परतताना, पुष्कळ वर्षांनी, मला आपल्या जिल्ह्याबद्दल आशा वाटत होती. ती अजूनही वाटते आहे आणि तिच्याच बळावर मी हे पत्र लिहीत आहे.

त्याच आठवड्यात आमच्या शाळेत एक पत्र आले. मी दोन वर्षांपूर्वी मुख्याध्यापक पदावरून निवृत्त झालो असलो तरी शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षणतज्ज्ञ म्हणून माझे नाव आहे, त्यामुळे ते मला वाचायला मिळाले. शाळेचा पट, म्हणजे नोंदलेल्या विद्यार्थ्यांची संख्या, १७ आहे, वीसपेक्षा कमी आहे, सबब विद्यार्थ्यांचे चार किलोमीटरवरील शाळेत समायोजन करण्यास, म्हणजे त्यांना तिथे सामावून घेऊन ही शाळा बंद करण्यास, समितीची हरकत नसल्याचा ठराव सात दिवसांत सादर करावा, विद्यार्थ्यांना वाहतूक भत्ता देय राहील, असे त्यात म्हटले आहे. पत्रावरची तारीख आपण पदभार घेण्याच्या आधीची आहे, म्हणजे हा निर्णय आपला नाही, हे मी जाणतो. पण आता तो मागे घेणे किंवा पुढे नेणे आपल्या हाती आहे. म्हणूनच गप्प बसणे मला शक्य नाही.

या संस्थेशी माझे नाते केवळ पगाराचे नव्हते. निजामाच्या राजवटीतून मराठवाडा मुक्त झाला तो १७ सप्टेंबर १९४८ रोजी, देश स्वतंत्र झाल्यानंतर तेरा महिन्यांनी. त्या वर्षी माझी आई दहा वर्षांची होती. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, भीतीने आजोबांनी घरातली माणसे रातोरात सरहद्दीपलीकडे, बार्शीकडच्या मुलखात हलवली होती. बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा काढून गोणपाटात गुंडाळल्या होत्या, एवढे तिला आजही लख्ख आठवते. ज्या राज्यात आपले म्हणणे मांडायला रयतेला जागाच नव्हती त्या राज्यातून आलेल्या माणसांना पुढे मताचा अधिकार मिळाला, तेव्हा तो त्यांनी किती जपून वापरला असेल याची कल्पना आपण करू शकता. १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, त्या वेळच्या पहिल्या निवडणुकीत आईने मत दिले होते. या वेळी, वयाच्या ८८ व्या वर्षी, आम्ही तिला खुर्चीत बसवून केंद्रावर नेले. जिल्हा परिषदेच्या गटाचे एक आणि पंचायत समितीच्या गणाचे एक अशी दोन बटणे दाबायची आहेत असे सांगितल्यावर तिने विचारले, “साळंचं कुणाकडं हाय रं?” मी म्हणालो, गटाकडे. “मग ते नीट बघून दाबते,” ती म्हणाली. अध्यक्ष महोदया, आपल्या सभागृहात पोहोचलेल्या मतांपैकी एक मत असे शाळेसाठी दिलेले आहे.

हे मत द्यायला तिला फार थांबावे लागले. मार्च २०२२ मध्ये मागच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे जिल्हा परिषदेवर प्रशासक होते. ओबीसी आरक्षणाचा वाद, गट-गणांची फेररचना, न्यायालयातल्या तारखा अशी त्याची कारणे सांगितली गेली आणि ती खोटी नव्हती. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या असे सांगावे लागले. परंतु ७३ व्या घटनादुरुस्तीने संविधानात आलेले २४३-ई हे कलम अगदी साध्या भाषेत सांगते, की पंचायतींची, म्हणजे जिल्हा परिषदांचीही, मुदत पाच वर्षे राहील, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्यापूर्वी पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. त्या चार वर्षांत काहीच काम झाले नाही असे मी म्हणणार नाही. काही अधिकाऱ्यांनी मनापासून काम केले, एकाने तर सुटीच्या दिवशी येऊन आमच्या शाळेचे दप्तर पाहिले. पण ते बदलून गेले की त्यांच्याबरोबर त्यांना दिलेले अर्जही जणू गेले. सभागृह नव्हते म्हणून प्रश्न विचारणारा सदस्य नव्हता, शिक्षण समिती नव्हती म्हणून तिचे इतिवृत्त नव्हते, आणि गावातला माणूस ज्याच्या दारात जाऊन ‘आमच्या कामाचे काय झाले?’ असे हक्काने विचारू शकेल असा लोकांनी निवडलेला कोणीही या इमारतीत बसत नव्हता. तो काळ संपला, हाच माझ्या आशेचा पाया आहे.

आता तक्रारी मांडतो. त्या आमच्या शाळेच्या आहेत, पण बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या कोणत्याही वाडी-तांड्यावर आपण गेलात तर थोड्याफार फरकाने याच ऐकू येतील.

पहिली तक्रार पटाची आहे, आणि बाकीच्या बहुतेक गोष्टी तिच्यातूनच निघतात. २०१९ साली आमच्या शाळेचा पट ४६ होता, आज १७ आहे. पत्रात फक्त १७ हा आकडा आहे. ४६ वरून तो इथे कसा आला याची चौकशी करायला कोणी आले नाही. आमच्या गावातली निम्म्याहून अधिक घरे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, पावसाळ्यातच उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जात असल्यामुळे घरात मूल सांभाळायला म्हातारी नसेल तर मूल तोडीच्या ठिकाणच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, जाते. तिथे ते धाकट्या भावंडाला सांभाळते, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, मोळ्या बांधू लागते, आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येते तेव्हा जोडाक्षरे विसरलेले असते. यासाठीच हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मूल गावातच आजीकडे किंवा नातेवाइकांकडे राहील, शाळा व्यवस्थापन समिती त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय करील आणि शाळा चुकणार नाही, इतकी ती साधी व शहाणी योजना आहे. पण यंदा कारखान्यांचे गाळप नोव्हेंबरात सुरू झाले, आमच्या गावच्या टोळ्या दिवाळी आटोपताच गेल्या, आणि वसतिगृहाच्या मान्यतेचे पत्र डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आले. तोवर अकरा मुले ऊसतोडीच्या फडावर पोहोचली होती. जानेवारीत मी शाळेत गेलो तेव्हा चौथीच्या वर्गात दोन मुली बसल्या होत्या आणि गुरुजी त्या दोघींना पूर्ण वर्गाला शिकवावे तसे उभे राहून भागाकार शिकवत होते.

असे दोन-तीन हंगाम गेले की मूल मागे पडते, मग त्याला शाळेची लाज वाटू लागते आणि एके वर्षी ते जूनमध्ये येतच नाही. ज्यांची थोडी ऐपत आहे ते आईबाप कर्ज काढून धाकट्यांना तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसवतात. पट घटतो तो असा. मान्यतेचा कागद दोन महिने उशिरा निघतो, त्यामुळे मुले जातात, आणि मुले गेली म्हणून शाळा बंद करावी असे दुसरा कागद म्हणतो. हे दोन्ही कागद एकाच इमारतीतून निघतात.

दुसरी तक्रार वर्गखोलीची आहे. आमच्या दोन खोल्यांपैकी जुनी खोली २०२२ सालीच धोकादायक ठरली. तिच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती वापरातून अधिकृतपणे काढून टाकण्याचा, प्रस्ताव मी स्वतः, नोकरीत असताना, तीन वेळा पाठवला. एकदा छायाचित्रे कमी होती म्हणून तो परत आला, एकदा मूल्यांकन जुने झाले म्हणून, आणि तिसऱ्या वेळी तो परतही आला नाही. निर्लेखन झाल्याशिवाय खोली पाडता येत नाही आणि पाडल्याशिवाय नवी मंजूर होत नाही. गेल्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत तिची मागची भिंत खचली, तेव्हा कुलूप लावण्यापलीकडे काही उरले नाही. तेव्हापासून पहिली-दुसरीचा वर्ग देवळाच्या सभामंडपात भरतो.

या सभामंडपाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण उद्देशिकेतल्या ‘दर्जाची समानता’ या शब्दांचा अर्थ मला तिथे जितका कळला तितका पुस्तकात कधी कळला नव्हता. देवळात वर्ग भरवायला गावाने आनंदाने जागा दिली आणि कोणीही कोणाला मज्जाव केलेला नाही, हे मी आवर्जून नोंदवतो. पण पहिल्या दिवशी मी पाहायला गेलो तेव्हा तीन मुले मंडपाच्या पायरीवर, चपलांशेजारी, पाटी मांडीवर घेऊन बसलेली होती. त्यांना कोणी तसे बसायला सांगितले नव्हते. मी आत बोलावले तेव्हा ती लगेच आली आणि दोन मिनिटांत इतरांत मिसळून गेली. पण त्यांना बोलवावे लागले. शाळेच्या खोलीत त्यांना कधीही बोलवावे लागले नव्हते. तिथे ती धावत येऊन पुढची जागा धरत. सरकारी शाळेच्या चार भिंती काय करतात, हे मला त्या पायरीवर दिसले. त्या भिंती कोणाच्याच मालकीच्या नसतात, म्हणून सर्वांच्या असतात. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणाले होते, की बंधुता नसेल तर समता आणि स्वातंत्र्य यांची खोली रंगाच्या पुटाहून अधिक नसेल. गेल्या दोन-तीन वर्षांत आरक्षणाच्या प्रश्नावरून आपल्या भागात शेजाऱ्या-शेजाऱ्यांची मने दुरावली; लग्नाच्या पत्रिका देणे-घेणे थांबले, काही जण ठरावीक दुकानातूनच सामान घेऊ लागले. कोणाचे बरोबर, कोणाचे चूक याचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. मला एवढेच म्हणायचे आहे, की आमच्या गावात सगळ्या घरांतली मुले रोज एका ओळीत बसून एकाच पातेल्यातली खिचडी खातात अशी जागा एकच उरली आहे, आणि ती बंद करण्याचे पत्र आम्हाला आलेले आहे.

तिसरी तक्रार रस्त्याची, आणि ती थोडक्यात सांगता येईल. ज्या शाळेत समायोजन करायचे ती चार किलोमीटरवर आहे आणि मध्ये ओढा आहे. त्यावरचा नळकांडी पूल गेल्या सप्टेंबरात दोन दिवस पाण्याखाली होता. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असली पाहिजे. वाहतूक भत्त्याने ओढ्याचे पाणी उतरत नाही. शिवाय ज्या गावात दिवसातून एसटीच्या दोन फेऱ्या होतात तिथे त्या भत्त्यात कोणते वाहन मिळेल, हे पत्रात लिहिलेले नाही. मुलगे कदाचित सायकलवर जातील. मुलींचे काय होईल हे आपल्याला मी सांगायला नको. चौथीनंतर ज्या मुली गावाबाहेरच्या शाळेत गेल्या नाहीत त्यांची नावे मी आजही न अडखळता सांगू शकतो, कारण त्यांच्या घरी जाऊन विनवणाऱ्यांत मी होतो.

चौथी गोष्ट तक्रार म्हणून नाही, काळजी म्हणून लिहितो. राज्यात जिल्हा परिषदेच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत आणि आपल्या सभागृहात शिकलेल्या, बोलत्या भगिनी निवडून आल्या आहेत. परंतु त्या दिवशी व्हरांड्यात मी पाहिले की कार्यकर्ते निवेदने सदस्यांच्या हातात न देता त्यांच्या यजमानांच्या हातात देत होते, आणि ती घेतलीही जात होती. आपण मात्र आपल्याकडे आलेले प्रत्येक निवेदन स्वतः घेतलेत, उभ्याने वाचलेत आणि मगच पुढे दिलेत. हे मी पाहिले, आणि दारात उभ्या असलेल्या दोन शिक्षिकांनीही ते पाहिले. आपण घातलेला हा पायंडा सर्व सदस्यांनी पाळावा, अशी माझी विनंती आहे.

आता मागण्या. मी त्या पूर्ण विचारांती करीत आहे आणि त्यांतली एकही अशी नाही, जी जिल्हा परिषदेच्या अधिकाराबाहेरची किंवा आवाक्याबाहेरची आहे.

समायोजनाची सर्व पत्रे आपण तूर्त स्थगित करावीत. ज्या ज्या शाळेला असे पत्र गेले आहे तिथे शिक्षण समितीच्या किमान एका सदस्याने प्रत्यक्ष जावे, पालकांना समोर बसवून ऐकावे, पट गेल्या पाच-सहा वर्षांत का घटला हे लिहून घ्यावे, आणि मगच तो विषय सर्वसाधारण सभेपुढे आणावा. इतके करूनही एखादी शाळा खरोखरच चालवण्यासारखी नसेल, वस्तीच उठून गेलेली असेल, तर तसा निर्णय सभागृहाने उघडपणे घ्यावा. त्याला माझा विरोध असणार नाही. सात दिवसांत ‘हरकत नाही’ असे लिहून मागणे याला मात्र आमच्या समितीची हरकत आहे, आणि तसा ठराव आम्ही एकमताने करून पाठवला आहे.

हंगामी वसतिगृहांची मान्यता दरवर्षी १५ सप्टेंबरपूर्वी शाळांच्या हाती पडली पाहिजे. कोणत्या गावातून किती टोळ्या जातात हे दर शिक्षकाला, दर ग्रामसेवकाला पाठ असते, त्यामुळे त्याच्या सर्वेक्षणासाठी नोव्हेंबर उजाडण्याची गरज नाही. घटस्थापनेच्या दिवशी शाळेत चूल पेटलेली दिसली, तर आई मुलाला मागे ठेवायला तयार होते. टोळीचा ट्रॅक्टर दारात उभा राहिल्यावर ती तयार होत नाही. सध्या कारखाने बंद होऊ लागले आहेत आणि माणसे परतू लागली आहेत. त्यांच्याशी बोलायला, पुढच्या हंगामाची यादी करायला याहून चांगले दिवस नाहीत.

निर्लेखनाचे जिल्ह्यातले सर्व प्रलंबित प्रस्ताव एका दिवशी एका टेबलावर मागवावेत. त्यांतले किती कोणत्या कारणाने अडले आहेत याची यादी पंचायत समितीच्या फलकावर लावावी. मार्चअखेर आपले पहिले अंदाजपत्रक होईल, त्यात धोकादायक खोल्यांच्या जागी नव्या खोल्यांसाठी स्वनिधीतून निदान पहिल्या टप्प्याची तरतूद दिसावी. सत्कार, स्वागतकमानी आणि दालनांच्या नूतनीकरणावरचा खर्च या वर्षापुरता बाजूला ठेवला तर त्यातून किती खोल्या उभ्या राहतील, याचा हिशेब आपले लेखाधिकारी आपल्याला देऊ शकतील.

आणि सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त, कोणी काय विचारले आणि त्याला काय उत्तर मिळाले यासह, सभेनंतर पंधरा दिवसांत प्रत्येक ग्रामपंचायतीत वाचायला मिळावे. चार वर्षे आम्हाला हे मिळाले नाही कारण सभागृहच नव्हते. आता आहे.

अशी पत्रे मी यापूर्वीही लिहिली आहेत, पण ती कार्यालयाला उद्देशून होती आणि आवक क्रमांक मिळाला की त्यांचे आयुष्य संपत असे. हे पत्र मी खुले ठेवतो आहे, कारण ज्यांच्या शाळांना अशीच पत्रे आली आहेत त्या गावांतल्या समित्यांनी ते वाचावे, आपापल्या पटाचा इतिहास लिहून काढावा आणि आपल्याकडे पाठवावा, अशी माझी इच्छा आहे. आपण तो वाचाल असा मला विश्वास वाटतो. उद्देशिका वाचताना जो माणूस योग्य जागी थांबतो, त्याच्याबद्दल असा विश्वास बाळगण्याचा शिक्षकाला हक्क आहे.

शेवटी एक निमंत्रण. उन्हामुळे शाळा आता सकाळची झाली आहे. परिपाठ सभामंडपासमोरच्या लिंबाखाली होतो आणि उद्देशिका सध्या चौथीतल्या त्याच दोन मुलींपैकी एक सांगते; बाकीची मुले तिच्यामागून म्हणतात. आपण यावे. आधी कळवण्याची गरज नाही, रांगोळी किंवा हार असणार नाही, आणि आपल्या गाडीला ओढ्याच्या पुलावरूनच यावे लागेल. फडावरून परतलेली मुलेही तोपर्यंत रांगेत असतील.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक,
सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती